शिरेचा रंग आणि इंधनाचा उतारा

साखर कारखानदारीत ‘उतारा’ हा शब्द एका ठरावीक अर्थाने वापरला जातो. शंभर किलो ऊस गाळल्यावर किती किलो साखर प्रत्यक्ष पोत्यात पडते, त्याचे हे प्रमाण असून कारखान्याचा नफा, शेतकऱ्याचा दर आणि हंगामाचे यश ही तिन्ही याच एका आकड्यावर तोलली जातात. वनस्पतींपासून तयार होणाऱ्या इंधनालाही असाच उतारा असतो. एक टन ताटांमधून, एका हेक्टरमधून किंवा त्या हेक्टरला दिलेल्या पाण्यातून किती लिटर इथेनॉल हाती आले, यावर त्या इंधनाची कार्यक्षमता ठरते. हा उतारा वाढवण्याची धडपड आजवर मुख्यतः कारखान्याच्या आवारात झाली असून बाष्पक, टाक्या, यीस्ट आणि विकरे यांत सुधारणा होत गेल्या. परंतु कारखान्याच्या वजनकाट्यावर आलेल्या मोळीतून जास्तीत जास्त किती इंधन निघू शकेल, याची कमाल मर्यादा त्या पिकाच्या जनुकांनी बियाण्यातच आखून दिलेली असते, आणि म्हणून जैवइंधनाच्या कार्यक्षमतेचा विचार वनस्पतींच्या आनुवंशिकीपासून सुरू करणे हेच योग्य ठरते.

ही मर्यादा किती मोठी आहे, हे उसाच्याच एका टनाचा हिशेब मांडल्यास ध्यानात येते. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या इथेनॉलविषयक आराखड्यात एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते असे धरले आहे. रस काढून झाल्यावर त्याच टनातून साधारण २८० किलो बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, उरते व त्यातील निम्मे वजन पाण्याचे असते. उरलेल्या १४० किलो कोरड्या चिपाडात सेल्युलोज ४० टक्के धरले तर ते ५६ किलो होते. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्याच रेणूंची लांबच लांब माळ असल्याने ती माळ पूर्ण उसवली तर पाण्याचे रेणू त्यात मिसळून ६२ किलो ग्लुकोज मिळावे आणि ते आंबवल्यावर सुमारे ४० लिटर इथेनॉल तयार व्हावे. चिपाडातील हेमिसेल्युलोज या दुसऱ्या, मिश्र शर्करांच्या माळेचाही असाच हिशेब केला तर आणखी २५ लिटरांच्या आसपास भर पडते. हा अर्थात कागदावरचा, एकही रेणू वाया न जाण्याचा हिशेब आहे. तरी ज्याला चोथा म्हणून बाजूला सारले जाते, त्यात जवळजवळ रसाइतकेच इंधन दडलेले आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

ते प्रत्यक्षात का मिळत नाही, याचे उत्तर पेशीभित्तिकेत आहे. प्रत्येक वनस्पतिपेशीभोवती एक भिंत असते आणि तिची बांधणी समजून घेण्यासाठी सह्याद्रीच्या परिसरातील कुडाच्या भिंतीचे उदाहरण नेमके लागू पडते. कुडात कारवीच्या काठ्या उभ्या रोवलेल्या असतात, त्या वेलींनी किंवा दोरांनी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि त्यांच्यामधील फटी बुजवत दोन्ही बाजूंनी शेणामातीचे लिंपण केलेले असते. पेशीभित्तिकेत सेल्युलोजचे तंतू हे काठ्यांचे, हेमिसेल्युलोज हे बांधणीच्या दोरांचे आणि लिग्निन नावाचे चिवट द्रव्य हे लिंपणाचे काम करते. सेल्युलोज तोडणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, या काठ्यांपर्यंत पोहोचू शकली तर ती त्यांचे ग्लुकोज करतात; मात्र लिग्निनचे लिंपण त्यांची वाट अडवते आणि त्यांतील काही विकरांना स्वतःलाच चिकटवून निकामी करते. यासाठीच चिपाड किंवा पेंढा यांपासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यात कच्चा माल आधी सौम्य आम्ल, उष्णता आणि वाफेचा दाब यांनी फोडावा लागतो. खर्च वाढवणारी आणि यंत्रे झिजवणारी ही पायरी आहे, शिवाय तिच्यात तयार होणारी फरफ्युरलसारखी द्रव्ये पुढे यीस्टलाच मारक ठरतात.

हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलने उभारलेला आणि १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झालेला कारखाना वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल करण्याच्या क्षमतेचा आहे आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. या आकड्यांचा भागाकार केला तर एक टन पेंढ्यामागे १५० लिटर येतात. पेंढ्यातील सेल्युलोज एकतृतीयांश धरले आणि ओलावा वजा केला, तर एकट्या सेल्युलोजमधूनच दोनशे लिटर निघावेत आणि हेमिसेल्युलोजचा वाटा त्यावर वेगळा. मधली ही तफावत अभियंत्यांच्या कौशल्यातील उणीव मानणे चुकीचे होईल. कारण भाताच्या रोपाने ती भिंत उन्हापावसात उभे राहण्यासाठी बांधली आहे आणि ती सहज फुटू नये हाच तिचा हेतू आहे.

भिंत कमी लिंपणाची असेल असे रोप मिळू शकते का, या प्रश्नाचे उत्तर इथेनॉलच्या नव्हे, तर गुरांच्या चाऱ्याच्या निमित्ताने मिळाले. १९२४ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेंट पॉल येथील विद्यापीठाच्या शेतावर मक्याची काही वेगळी रोपे आढळली, ज्यांच्या पानांची मधली शीर नेहमीसारखी पांढरट-हिरवी नसून तांबूस तपकिरी होती. हा गुण एका अप्रभावी जनुकाचा, म्हणजे आई आणि बाप या दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच दिसून येणारा, असल्याचे प्रयोगांती स्पष्ट झाले. पुढे अशा रोपांचा चारा गुरांना अधिक पचतो हे आढळले व त्याचे कारण लिग्निनच्या घटीत सापडले. गुराच्या पोटातील जिवाणू आणि कारखान्याच्या टाकीतील विकरे यांचे काम मुळात एकच, भित्तिकेतील शर्करा सोडवण्याचे असल्याने चाऱ्याची पचनीयता आणि इंधनाचा उतारा यांचा संबंध येथेच जुळला.

ज्वारीत हा गुण निसर्गात सापडेपर्यंत वाट पाहिली गेली नाही. पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी ज्वारीच्या बियांवर उत्परिवर्तन घडवणाऱ्या रसायनाची प्रक्रिया केली, म्हणजे डीएनएच्या अक्षरमालेत जाणीवपूर्वक चुका घडवून आणल्या आणि त्या बियांपासून वाढलेल्या पिढ्यांमधून तपकिरी शिरेची १९ स्वतंत्र उत्परिवर्तने निवडून १९७८ साली त्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी सहाव्या आणि बाराव्या क्रमांकाची उत्परिवर्तने आज सर्वांत अधिक वापरात आहेत. लिग्निनच्या विटा पेशीत टप्प्याटप्प्याने घडतात आणि प्रत्येक टप्पा एक विकर सांभाळते. सहाव्या उत्परिवर्तनात शेवटच्या टप्प्यावरील ‘सीएडी’ या विकराचे, तर बाराव्यात विटेला एक छोटा कार्बनयुक्त गट जोडणाऱ्या ‘सीओएमटी’ या विकराचे जनुक निकामी झालेले आहे, असे पुढे २००० नंतरच्या दशकात रेणूंच्या पातळीवर सिद्ध झाले. विटा पूर्ण न घडल्याने लिग्निन घटते आणि जे बनते त्याची रासायनिक घडण बदललेली असते. शिरेला येणारा तपकिरी रंग हा त्या बदललेल्या लिग्निनचाच आहे. या उत्परिवर्तित ज्वारीच्या कडब्यापासून इथेनॉल करून पाहिले असता प्रत्येकी एका उत्परिवर्तनाने सेल्युलोजचे इथेनॉलमध्ये होणारे रूपांतर सुमारे २० टक्क्यांनी वाढले आणि दोन्ही उत्परिवर्तने एका रोपात आणल्यावर ही वाढ ४० टक्क्यांच्या पुढे गेली, असे अमेरिकेतील कृषी संशोधकांनी २००९ साली दाखवले. एखाद्या पिकातील दोन जनुके बदलल्याने कारखान्यातील एकही यंत्र न बदलता एवढा फरक पडावा, ही गोष्ट या क्षेत्रातील सर्वांत आश्वासक निष्कर्षांपैकी एक मानावी लागेल.

तथापि लिंपण कमी केलेली भिंत शेतातही तशीच उभी राहते असे नाही. लिग्निन दोन कामे करते: खोडाला कणखरपणा देते आणि जलवाहिन्यांच्या नळ्या आतून मजबूत ठेवते, जेणेकरून दुपारच्या उन्हात पाणी वर खेचले जाताना त्या नळ्या चपट्या होऊन मिटू नयेत. हे काम अपुरे झाले की ताटे वाऱ्यात लोळतात, पीक उशिरा वाढते आणि एकरी चारा घटतो. तपकिरी शिरेच्या अनेक वाणांमध्ये हे नुकसान प्रत्यक्ष आढळले आहे आणि टनामागे वाढलेला उतारा एकरामागे घटलेल्या उत्पादनात गमावला जाण्याची शक्यता त्यामुळे नेहमीच असते. जैवइंधनासाठी केलेल्या कोणत्याही आनुवंशिक सुधारणेची परीक्षा म्हणूनच प्रयोगशाळेतील काचपात्रात पूर्ण होत नाही. लोळणारे ताट कापणीयंत्राच्या किंवा कोयत्याच्या हाती येत नाही, त्यामुळे त्यातील शर्करा सुटी असो वा बंद, ती कारखान्यापर्यंत पोहोचतच नाही.

या अडचणीवर दोन दिशांनी उपाय शोधले गेले आहेत. एका दिशेत लिंपण फक्त जेथे अनावश्यक आहे तेथूनच काढले जाते: अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली ॲरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील छोट्या रोपट्यात लिग्निन निर्मितीचे नियंत्रण बदलून ते जलवाहिन्यांमध्ये कायम ठेवले आणि इतर तंतूंमध्ये घटवले. दुसऱ्या दिशेत लिग्निनचे प्रमाण न घटवता त्यात सहज उसवणारे टाके घातले जातात. चिनी औषधशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या अँजेलिका या वनस्पतीत लिग्निनच्या विटांना एस्टर प्रकारचे, म्हणजे सौम्य अल्कलीने सुटणारे, बंध जोडणारे एक जनुक असते. ते जनुक पॉप्लर वृक्षात घातल्याचे आणि त्या लाकडाची भित्तिका सौम्य प्रक्रियेत अधिक सहज फुटल्याचे २०१४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. झाड शेतात ताठ उभे राहते आणि कारखान्यात मात्र त्याचा टाका एका धाग्याने ओढावा तसा उसवतो, ही कल्पना आतापर्यंतच्या सर्व उपायांत अधिक सुज्ञ वाटते, कारण रोपाची गरज आणि माणसाची गरज यांपैकी कोणालाही ती डावलत नाही.

ज्वारीच्या पानाची मधली शीर आणखी एक गुपित सांगते आणि त्यासाठी तिचा रंग तपकिरी असण्याचीही आवश्यकता नसते. ज्या ज्वारीची शीर शुभ्र पांढरी असते, तिचे ताट मोडल्यास आत कोरडे, हवेने भरलेले भेंड आढळते. आणि जिची शीर मळकट हिरवी, काहीशी पारदर्शक दिसते, तिचे ताट रसाळ असते. हा फरक एका जनुकाचा असल्याचे शंभर वर्षांपूर्वीच ओळखले गेले होते आणि कोरडेपणाचा गुण प्रभावी असल्याने त्या जनुकाला ‘डी’ असे नाव मिळाले होते, परंतु ते जनुक नेमके कोणते आणि काय करते हे २०१८ साली चीन व जपानमधील संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. हे जनुक इतर जनुकांना चालू-बंद करणारे एक नियंत्रक प्रथिन घडवते आणि त्याच्या आदेशाने ताटाच्या गाभ्यातील पेशी ठरलेल्या वेळी स्वतःहून मरतात. पेशी मेल्या की त्यांतील पाणी आणि साखर ओसरून जागा हवेने भरते आणि शीर पांढरी दिसते. गोड ज्वारीत हेच जनुक बिघडलेले असते, म्हणून तिच्या गाभ्यातील पेशी कापणीपर्यंत जिवंत राहून रस साठवतात. एका अर्थाने गोड ज्वारी म्हणजे मरण्याचा आदेश न पोहोचलेली ज्वारी होय, आणि माणसाने हा बिघाड गोडीपायी शतकानुशतके निवडून जपला आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या जनुकाला विशेष अर्थ आहे. उसाचे आडसाली पीक सोळा-अठरा महिने शेतात उभे राहते, तर गोड ज्वारी चार महिन्यांच्या आसपास काढणीला येते, कणसाचे धान्यही देते आणि पाणी उसापेक्षा कितीतरी कमी मागते. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने ही शक्यता फार लवकर ओळखली, बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या या संस्थेने ‘मधुरा’ हा गोड ज्वारीचा वाण विकसित केला आणि १९८० च्या दशकात तिचा रस आंबवून सूर्याच्या उष्णतेवर इथेनॉल ऊर्ध्वपातित करण्याचे प्रयोगही केले. देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण आकाराला येण्याच्या कितीतरी आधीचे हे काम आहे आणि त्याला त्या मानाने फारच थोडी प्रसिद्धी मिळाली.

गोड ज्वारी मोठ्या प्रमाणावर का रुजली नाही, याचे उत्तरही अंशतः आनुवंशिकीतच आहे. तिच्या ताटातील साखर दाणे पक्व होण्याच्या सुमारास थोड्या दिवसांसाठी कमाल पातळीवर असते आणि तोडलेले ताट उन्हात पडून राहिले की ती झपाट्याने उतरते. म्हणजे कारखान्याला माल सहा महिने सलग हवा असताना पीक मात्र आपली गोडी दोन-तीन आठवड्यांत उधळून मोकळे होते. फुलोऱ्याची वेळ वेगवेगळी असणारे वाण एकाच भागात पेरून हा काळ लांबवता येतो आणि येथे ज्वारीतील फुलोऱ्याचे नियंत्रण करणाऱ्या जनुकांचा समूह उपयोगी पडतो. दिवस लहान होत गेले की ज्वारी फुलते. ही संवेदनशीलता तीव्र असलेली ज्वारी लांब दिवसांच्या प्रदेशात महिनोन् महिने फुलत नाही आणि तोवर केवळ ताट वाढवत राहते. टेक्सासमधील पैदासकारांनी याचा उपयोग मोठ्या कुशलतेने केला असून लवकर फुलणाऱ्या दोन पालकांचा असा संकर साधला, की दोघांतील पूरक जनुके एकत्र येऊन संततीचा फुलोरा लांबतो. परिणामी बियाणे सहज तयार होते आणि शेतात मात्र चार-चार मीटर उंच, भरघोस ताटे उभी राहतात.

ज्वारीत हे सारे शक्य झाले, कारण तिची आनुवंशिक रचना साधी आहे. गुणसूत्रांच्या दहा जोड्या, सुमारे ७३ कोटी अक्षरांचा जनुकसंच आणि २००९ पासून पूर्ण वाचलेली ती अक्षरमाला, यांमुळे एखादे जनुक शोधणे, दुसऱ्या वाणात नेणे आणि चार महिन्यांत परिणाम पाहणे सोपे जाते. ऊस याच्या अगदी उलट टोकाला आहे. गोडी आणि जाडी देणारा, पुंड्या उसाच्या जातकुळीतील ऊस आणि उत्तरेत कांस म्हणून ओळखले जाणारे रोगप्रतिकारक रानगवत यांचा संकर कोईमतूर येथे १९१२ साली स्थापन झालेल्या केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी साधला, आणि १९१८ साली प्रसारित झालेला ‘को २०५’ हा त्याचा पहिला मोठा विजय ठरला. जगभरातील आजचे व्यापारी ऊस अशाच संकरांचे वंशज आहेत. परंतु या संकरात दोन्ही पूर्वजांच्या गुणसूत्रांचे अनेक संच एकत्र आले आणि वारंवार उसाशीच परत संकर केल्याने ते असमान प्रमाणात साठत गेले, ज्यामुळे आजच्या एका उसाच्या पेशीत शंभरहून अधिक गुणसूत्रे आणि सुमारे दहा अब्ज अक्षरे, म्हणजे माणसाच्या जनुकसंचाच्या एका प्रतीच्या तिपटीहून अधिक, आढळतात. एखाद्या जनुकाच्या माणसात दोन प्रती असतील तर उसात दहा-बारा, कधी त्याहून कितीतरी अधिक प्रती असतात. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरील ‘आर ५७०’ या उसाचा जनुकसंच तपशिलात वाचून २०२४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, तोपर्यंत या जंजाळाचा नीट नकाशाही उपलब्ध नव्हता.

आता तपकिरी शिरेचा प्रश्न उसाकडे नेला, तर अडचण किती बिकट आहे ते कळते. ज्वारीत सीओएमटी जनुकाच्या दोनच प्रती बिघडवल्या की लिग्निन घटते. उसात मात्र एखादी प्रत बिघडली तरी उरलेल्या शेकडाभर प्रती तिचे काम विनातक्रार करत राहतात, म्हणूनच निसर्गात असे उत्परिवर्तन घडले तरी ते कोणाच्या डोळ्यांना कधी दिसणारच नाही. फ्लोरिडा विद्यापीठातील फ्रेडी आल्टपीटर यांच्या गटाने येथे टेलेन या साधनाचा, म्हणजे ठरावीक अक्षरक्रम ओळखून नेमका तेथेच डीएनए कापणाऱ्या प्रथिनांच्या जोडीचा, वापर केला. सर्व प्रतींमध्ये सारखाच असलेला एक अक्षरक्रम त्यांनी निशाण्यावर घेतला आणि कापलेल्या जागी पेशीने घाईघाईत केलेल्या जोडणीत होणाऱ्या चुकांवर भिस्त ठेवली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा उसाच्या एका वंशात या जनुकाच्या १०९ वेगवेगळ्या प्रतींपैकी १०७ प्रती बदलल्या, लिग्निन १९.७ टक्क्यांनी घटले, भित्तिकेतील शर्करा सुटण्याचे प्रमाण ४३.८ टक्क्यांनी वाढले आणि शेतावरील चाचणीत उसाचे वजन मात्र लक्षणीय घटले नाही. रोपाला उभे ठेवण्याची गरज आणि भिंत सैल करण्याची इच्छा यांत मधला मार्ग निघू शकतो, याचा हा अत्यंत भक्कम पुरावा आहे.

या यशाचा महाराष्ट्राला थेट उपयोग होण्यापूर्वी दोन गोष्टी मात्र लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की येथील साखर कारखान्यांचे चिपाड आजही वाया जात नाही. ते बाष्पकात जाळून त्यावर वाफ आणि सहवीजनिर्मिती चालते, आणि जाळण्याच्या दृष्टीने लिग्निन हा चिपाडातील सर्वाधिक उष्णता देणारा घटक असल्याने केवळ जाळायचेच असेल तर लिग्निन घटवलेला ऊस तोट्याचा ठरेल. तो लाभाचा ठरतो तो चिपाडातून आधी शर्करा काढून आणि उरलेले लिग्निनच जाळून वाफ करणाऱ्या कारखान्यात. म्हणजे वाण आणि कारखाना या दोन्हींची योजना एकत्र झाली पाहिजे. दुसरी गोष्ट कायद्याची आहे. ज्या जनुकसंपादित पिकात बाहेरचे जनुक उरलेले नाही, त्याला मार्च २०२२ मध्ये भारत सरकारने जनुकपरिवर्तित पिकांच्या कडक नियमांमधून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये अशा पद्धतीने विकसित केलेले भाताचे दोन वाण जाहीरही झाले. भातात डीएनए कापणाऱ्या कात्रीचे काम करणारे बाहेरचे जनुक पुढील पिढीत संकराने वेगळे काढून टाकता येते. ऊस मात्र बियांनी न लावता कांडीच्या बेण्याने लावला जात असल्याने पुढचे प्रत्येक रोप पहिल्याची तंतोतंत प्रत असते आणि ते बाहेरचे जनुकही पिढ्यान् पिढ्या सोबत येत राहते. डीएनएचा तुकडा आत न सोडता केवळ तयार प्रथिन पेशीत सोडून संपादन करण्याच्या पद्धती म्हणूनच उसासाठी सर्वांत महत्त्वाच्या आहेत.

आनुवंशिकीकडे पाठ फिरवून जैवइंधनाची मोहीम काढली तर काय होते, हे मोगली एरंडाच्या बाबतीत देशाने अनुभवले आहे. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली या झुडपाला डिझेलच्या पर्यायाचे मुख्य पीक ठरवले. बियांत तेल भरपूर, गुरे त्याला तोंड लावत नाहीत, पडीक जमिनीत ते जगते, अशी त्याची बाजू मांडली गेली आणि राज्याराज्यांत रोपवाटिका उभ्या राहिल्या. परंतु जे लावले गेले ते कुंपणावरून गोळा केलेले बियाणे होते; कोणतेही निवडलेले वाण नव्हते, एकाच रांगेतील दोन झुडपांच्या उत्पन्नात प्रचंड फरक पडत होता आणि फळे एकाच वेळी पिकत नसल्याने तोडणीची मजुरीच तेलाच्या किमतीला भारी पडत होती. पडीक जमिनीत झुडूप जगते हे खरे असले तरी जगणे आणि फळणे या निराळ्या गोष्टी आहेत. भारतात आढळणाऱ्या मोगली एरंडात आनुवंशिक विविधता अतिशय कमी असून खरी विविधता त्याच्या मूळ प्रदेशात, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत आहे, हे हैदराबाद येथील तेलबिया संशोधकांनी २००७ साली दाखवले, आणि त्याचा जनुकसंच जपानमधील काझुसा संस्थेने वाचला तेव्हा २०१० साल संपत आले होते. तोवर लागवड होऊन गेली होती. पैदासकाराने वीस वर्षांत जे करायला हवे होते ते एका परिपत्रकाने होईल असे मानल्याची किंमत येथे शेतकऱ्यांनी मोजली, आणि ही किंमत टाळता येण्यासारखी होती.

उसाच्या बाबतीत महाराष्ट्राजवळ ही तयारी आहे. कोईमतूर येथील हवामानात ऊस चांगला फुलत असल्याने तेथे संकर करून त्यातील बी पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्रात आणण्याची पद्धत दीर्घकाळची आहे. पुण्याजवळील मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेने सिंधुदुर्गातील आंबोली येथे स्वतःचे पैदास केंद्र चालवले आहे. आणि मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत टाकाऊ काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याचे तंत्र विकसित झाले आहे. पिकाची बाजू आणि कारखान्याची बाजू अशा दोन्ही बाजूंचे ज्ञान एकाच राज्यात असताना त्यांनी परस्परांना विचारावयाचा प्रश्न अगदी साधा आहे: निवडीसाठी उभ्या असलेल्या हजारो रोपांमध्ये साखरेचा उतारा मोजला जातो, तसा चिपाडाचा उतारा का मोजला जाऊ नये? प्रत्येक रोपाच्या चिमूटभर भुकटीवर विकरे घालून ठरावीक तासांत किती शर्करा सुटते हे पाहण्याच्या चाचण्या उपलब्ध आहेत. आजच्या निवडीत हा एक रकाना वाढवला, तर जनुकसंपादनाचा मार्ग मोकळा होण्याची वाट न पाहताही उसातील मूळच्या विविधतेतून सैल भिंतीची आणि तरीही न लोळणारी रोपे हाती लागू शकतात.

हा रकाना आजच का वाढवावा, याचे कारण महाराष्ट्रातील प्रत्येक ऊस उत्पादकाला तोंडपाठ असलेल्या एका आकड्यात आहे. ‘को ६२१९८’ आणि ‘कोसी ६७१’ यांच्या संकरातून निवडलेल्या ‘को ८६०३२’ या वाणाच्या नावातील ८६ हे अंक त्याला क्रमांक मिळाल्याचे १९८६ हे वर्ष दाखवतात, आणि तो वाण लागवडीसाठी प्रसारित झाला तो २००० साली. म्हणजे आजच्या निवडीत जे मोजले जाईल, त्याचे फळ शेतात दिसायला दशकाहून अधिक काळ जाणार आहे.